उगमाकडचं तळं

किल्डेबेक,
६ एप्रिल १९७४

प्रिय तोवे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, ती स्वतः मात्र कुरकुरत नाही. ते काम तिने माझ्यावर सोपवलंय. काल तिने वेलदोड्याचे गोड पाव भाजले. तुझ्या वाटणीचे कोणी खायचे यावरून आमचं थोडं वाजलं, तेवढ्यात खालच्या तळ्यांवरचा होल्गर आला आणि त्याने वाटणीचा प्रश्नच मिटवला. हल्ली तो रोज येतो. तळ्यात मासे नसलेला मासेवाला किती बोलू शकतो, हे तुला इथे येऊनच कळेल.

तू इथे नव्हतीस, म्हणून पानगळीपासूनचं सगळं सांगायचं राहिलंय.

आपल्या थोरल्या माद्या तुला आठवतातच. तीन वर्षांपूर्वी एग्ट्वेडचा रोग आपल्या तळ्यांत शिरला, तेव्हा ट्राउट मासे काळे पडले, त्यांचे डोळे बाहेर आले, आणि गिरक्या घेत घेत ते तळाशी गेले. मग पाणी कोमट झालं आणि रोग आला तसा निघून गेला. ज्या माद्या उरल्या त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हटलं, एवढ्यातून वाचल्या, तर आता ह्यांचीच अंडी धरायची. खोऱ्यातला कुठलाही मासेवाला हेच म्हणाला असता. दर हिवाळ्यात त्यांना पाहायला लोक मुद्दाम यायचे. होल्गर तर म्हणायचा, माझ्या बायकोपेक्षा तुझ्या माद्या गुटगुटीत आहेत. हे त्याच्या बायकोसमोर तो एकदाच म्हणाला.

आणि त्यांच्याच अंड्यांसोबतच्या पाण्यात तुला त्या रोगाचा विषाणू सापडला.

खरं सांगतो, मला अजून नवल वाटतं. तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदाच आलो होतो. तू मला सूक्ष्मदर्शकातून काचेच्या तळाशी पसरलेला पेशींचा थर दाखवलास. फरसबंदी केलेल्या अंगणासारखा तो दिसत होता आणि त्यात मधे मधे भोकं पडली होती. मी विचारलं, ह्यातला विषाणू कुठला? तू म्हणालीस, "बाबा, तो मला दिसत नाही. तो जिथून गेला ती जागा दिसते." गाडीत घरी येईपर्यंत मी तेच घोकत होतो. चाळीस वर्षं मी माशांत हात घालून जगलो. आजारी मासा मला काठावरून ओळखता येतो, याचा मला गर्व होता. आणि हा विषाणू माझ्या सगळ्यात देखण्या मादीच्या पोटात बसून होता, तिला काही न करता. तिचं काही बिघडवत नव्हता, फक्त तिच्या पाण्यातून खाली होल्गरकडे जात होता. इतकी लहान गोष्ट इतकी सबुरी कुठून आणते, हे मला कळत नाही.

सरकारी माणसांनी सांगितलं, सफाई उगमापासून सुरू करायची. वरचं एक तळं जरी राहिलं तर खालच्यांचे कष्ट फुकट. म्हणजे पहिला मी. त्या दिवशी सगळं खोरं आपल्याकडे आलं. मला वाटलं होतं शिव्या देतील, कारण त्यांचे मासे दर वसंतात मरत होते ते माझ्या पाण्याने, हे आता सगळ्यांना कळलं होतं. पण ते उंच बूट घालून आले होते. गिरणीजवळचे ते दोघे भाऊ, जे बापाच्या अंत्यविधीलाही एकमेकांशी बोलले नव्हते, ते एकाच जाळ्याची दोन टोकं धरून उभे होते. मी तळ्याच्या तोंडाशी गेलो, पण पाणी अडवणाऱ्या फळ्यांना माझा हात लागेना. होल्गर शेजारी येऊन उभा राहिला.

"थोरवाल्ड," तो म्हणाला, "तुझ्या पाण्यावर मी जगलो आणि तुझ्याच पाण्याने बुडालो. आज तू रिकामा झालास तर उद्या मी होईन. काढ."

मी काढल्या. माद्या मी माझ्या हाताने मारल्या, दुसऱ्या कोणाला मारू दिल्या नाहीत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग एकेक करत सगळे रिकामे झाले. नाताळच्या आधी मी नदीकाठाने खाली चालत गेलो. जिकडे पाहावं तिकडे कोरडी तळी, त्यांच्या तळाला चुना फासलेला, त्यावर हिम. उगमापासून समुद्रापर्यंत पाळलेला एकही मासा नव्हता. जे डोळ्यांना दिसतही नाही त्याच्यासाठी आमच्यासारख्या भांडकुदळ माणसांनी एक अख्खी नदी मोकळी केली होती. तेव्हा तू बरोबर असायला हवी होतीस.

फेब्रुवारीत माझ्या तळ्यात पाणी सोडलं आणि स्वच्छ ठिकाणाहून आणलेले थोडे मासे टाकले. फक्त माझ्याच. हे तपासून चांगले निघाले तर बाकीचे आपली तळी भरणार. वाईट निघाले तर पुन्हा सगळं रिकामं करायचं बळ इथे कोणाकडे उरलेलं नाही. होल्गर शहरात जाईल, मुलाच्या कारखान्यात रखवालीला. तो हे हसत हसत सांगतो आणि मग कॉफीत साखर टाकायला विसरतो. उद्या सकाळी गुरांचे डॉक्टर येऊन बर्फाच्या पेटीत मासे घालून तुझ्याकडे पाठवणार आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

आज सकाळी झऱ्याच्या बाजूला एक मासा दिसला. रंगाने काळवंडलेला, काठाला लागून तिरका पोहणारा. कदाचित बगळ्याने चोच मारली असेल. कदाचित नसेल. आसपास कोणी नव्हतं. तो काढून झुडपात फेकायला कितीसा वेळ लागला असता? मी जाळीत घेतला आणि तसाच उभा राहिलो. तेवढ्यात होल्गर आला. त्याने मासा पाहिला. आपल्या दोघांपेक्षा त्याचंच जास्त जाणार होतं, म्हणून मी जाळी त्याच्यापुढे धरली.

"पेटीत घाल," तो म्हणाला. "नाहीतर मी मरेपर्यंत तुझ्या पाण्याकडे संशयाने बघत राहीन."

तो मासा वेगळ्या पिशवीत आहे. आधी तो उघड. मी तुझा कोण आहे हे विसरून बघ.

मागच्या वेळी माद्यांच्या तपासणीचा कागद पोस्टाने आला, खाली तुझी सही. तुझ्या आईने त्या सहीवरून बोट फिरवलं आणि कागद माझ्या हातात दिला. त्या कागदाचा मला राग आला नाही, तोवे. जे होतं ते तू लिहिलंस. पण माद्या मारल्या त्या दिवशी सगळं खोरं तळ्यावर होतं आणि मी जाळं सोडून रस्त्याकडे बघत होतो. तुला वाटलं असेल, बाबा दार लावून घेतील. मी लावलं नसतं.

ह्या वेळीही कागद पाठवायचा असेल तर पाठव, नियम आहे. पण त्याच्या आधी तू ये. चांगलं असेल तर होल्गरला तूच सांग, मला त्याचं तोंड बघायचंय. आणि वाईट असेल तर फळ्या काढताना तू माझ्या शेजारी हवीस.

तुझा बाबा,
थोरवाल्ड