तंबूला श्वास पाहिजे

झ्लातोउस्त,
एप्रिलचा पहिला आठवडा

चिरंजीव तिखोन यास दाजीचे आशीर्वाद.

डॉक्टरला तब्येत विचारायची म्हणजे आचाऱ्याला जेवलास का म्हणून विचारायचं, तरी रीत म्हणून विचारतो. कसा आहेस? तुझ्या बायकोचा, अग्लायाचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे कझानला नदीवरचा बर्फ फुटला असेल. आमच्या अंगणात अजून ढोपरभर आहे. तुम्ही पाठवलेली खारवलेल्या मशरूमची बरणी पोचली. फोडलेली नाही. तुझी ताई म्हणते मला मीठ वर्ज्य आहे. (कुणी वर्ज्य केलं ते तुला ठाऊक आहे. एकीकडून मीठ बंद करायचं आणि दुसरीकडून खारवलेली मशरूम पाठवायची, याला तुमच्या वैद्यकात काय म्हणतात ते कळव.) आणि हो, तुझे कान कसे आहेत? हे रीत म्हणून विचारत नाही, मनापासून विचारतो, कारण माझ्यावर या वर्षी जे काही गुदरलं त्याचं मूळ तुझ्या कानात आहे.

नव्या वर्षाचं जेवण आठवतंय ना. तू दोन पेले घेतले होतेस, मी तीन. माशाच्या थाळीवरून वाकून तू माझ्या छातीला नळी लावलीस. मीही खुळा, शर्टाची बटणं सोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू बराच वेळ ऐकलंस, मग म्हणालास, "दाजी, डोंगर पुरे आता." सगळे हसले, मीही हसलो. तुझी ताई मात्र हसली नाही, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

आता तू आमच्या टोळीला ओळखत नाहीस असं नाही, पण तुला तिची किंमत कळत नाही, म्हणून सांगतो. आम्ही कारखान्यातले सहा जण दर मार्चला स्की घालून डोंगरात जातो. पोरं झाली, बढत्या चुकल्या, एकाचा घटस्फोट झाला, पण मार्च चुकला नाही. आमचा म्होरक्या वेन्यामीन कुझ्मिच, म्हणजे आमच्या खात्याचा फोरमन. शिधा आणि वजन बघते ती रिम्मा. ही बाई दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापायला लावते, साबणाच्या वडीला मधोमध भोक पाडते, आणि निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची पिशवी उलटी करून कुणी चोरून जादा मोजे घेतले का ते बघते. डोंगरात वजन हा एकच शत्रू, असं तिचं मत आहे. (तिचा नवरा तिच्याबरोबर कधी येत नाही. तो जाडा आहे.)

आमचा जुना तंबू रबर लावलेल्या कापडाचा होता. त्यातून वारा आत यायचा नाही, तसाच श्वासही बाहेर जायचा नाही. सहा माणसांची वाफ आत अडकायची, छताला तिचा बर्फ व्हायचा आणि सकाळी कुणी शिंकलं की सगळा बर्फ तोंडावर. तर मी ठरवलं की आपण तंबू शिवायचा, हलका आणि श्वास घेणारा. हिवाळ्यात डोंगरात पाऊस नसतोच, पडतो तो कोरडा बर्फ, झटकला की गेला. तेव्हा कापडातून पाणी शिरेल का ही भीती नको, वाफ निघेल का एवढंच बघायचं. ते बघायची रीत सोपी आहे. कापड तोंडाला लावायचं आणि फुंकायचं. मी गावातल्या दोन्ही दुकानांत फुंकत फिरलो. दुसऱ्या दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, कापड आहे ते, पाव नाही. तोंडाला काय लावताय?" आजोबा म्हणाली. मी तेव्हाही ते मनावर घेतलं नाही.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून एक नापास झालेलं पॅराशूट मिळालं. (ते का नापास झालं ते मी विचारलं नाही. तू पण विचारू नकोस.) त्या बदल्यात एक बाटली आणि तुझ्या ताईने माझ्यासाठी विणलेले मोजे द्यावे लागले. कापड काय सांगू तुला, अख्खी चादर मुठीत मावते आणि फुंकलं की पलीकडे धरलेल्या हाताला ऊब लागते. पण शिवायला ते कापड म्हणजे साबण लावलेला मासा. मशीनच्या पायाखालून निसटतं, एक थर पुढे जातो, दुसरा मागे राहतो. कडा उसवतात, म्हणून त्या तापलेल्या डाग द्यायच्या सळीने वितळवून बंद कराव्या लागतात. सगळ्या घरात जळका वास. तुझ्या ताईचं आईकडून आलेलं टेबल, त्यावर आता एक तपकिरी रेघ आहे, भिंतीपासून खिडकीपर्यंत. त्या रेघेवर ताई चहाची किटली ठेवते आणि मला काही बोलत नाही. ती काही बोलत नव्हती हेच मला तेव्हा चांगलं वाटत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती टोळीत कुणाला सांगितलेली नाही. तुला ठाऊक आहे, आम्ही तंबूचे खांब वाहून नेत नाही. रिम्मा नेऊ देईल का? मधे स्कीच्या काठ्या एकत्र बांधायच्या आणि कोपरे आमच्याच स्कीना, बर्फात उभ्या रोवून, ताणून बांधायचे. सगळे आपापले तंबू चार कोनांचे करतात. मी सहा कोनांचा केला. लोकांना सांगितलं, वारा घसरून जातो. घसरतोही. पण खरं कारण ते नव्हे. प्रत्येक कोनाला एक जोडी, सहा कोनांना सहा जोड्या, आणि सहा जोड्यांना सहा माणसं. एक माणूस कमी केला की एक बाजू खाली येऊन झोपणाऱ्याच्या नाकावर बसते. म्हणजे डोंगर पुरे की नाही हे तू सांगणार नाहीस, तुझी ताई सांगणार नाही, माझा तंबू सांगेल. आठवडेच्या आठवडे मी हे मनात घोळवून शिवत होतो आणि मला फार हुशार वाटत होतं.

तयार झाल्यावर परीक्षा घ्यायला अंगणात उभा केला. शेजाऱ्यांच्या स्की मागून आणल्या, पत्ते कुटणाऱ्यांना आत बसवलं, स्टोव्हवर किटली ठेवली. गर्दी बघून वस्तीचा पोलीस आला; त्याला कापड फुंकायला दिलं, त्याने फुंकलं, खूश झाला आणि तोही चहाला आत आला. तंबू असा श्वास घेत होता, तिखोन, की मला बाहेर उभं राहून भरून आलं. कडाक्याच्या थंडीत चहूबाजूंनी वाफ निघत होती. हेच आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ग्लाफीराने खिडकीतून बघितलं आणि तिला वाटलं आग लागली. तिने फरशी पुसायची बादली वरून ओतली. ज्यातून वाफ बाहेर येते त्यातून पाणी आत जातं, हे मी वर सांगितलंच. उरलेलं पाणी कापडावर गोठलं आणि तंबूचा पत्रा झाला. आत जायचं तोंड बाहीसारखं शिवलेलं असतं, सरपटत बाहेर यायचं. ती बाही गोठली आणि पोलीस तिच्यात कमरेपर्यंत अडकला. तो ओरडला नाही, फक्त माझं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला. ग्लाफीरा वरून म्हणाली, "मी तुमचे जीव वाचवले, आणि तुम्ही वर बघून शिव्या देता." तंबू घडी होईना. उभाच्या उभा जिन्यात आणला, तिथे तो वितळला आणि खालच्या मजल्यावरचा गालिचा भिजला. त्या लोकांशी आता बोलणं बंद आहे. पण कापड टिकलं, एक टाका सुटला नाही.

मग आला आठ मार्च, बायकांचा सण. वेन्यामीन कुझ्मिच तुझ्या ताईसाठी मिमोझाच्या पिवळ्या फुलांचा गुच्छ घेऊन आला. मी मनात म्हटलं, बघा, तंबूमुळे किती मान वाढला. चहा झाला, कोबी भरलेला पाव झाला (मला अर्धा तुकडा). मग तो म्हणाला, "साविच, स्की कुठे आहेत तुझ्या?"

"गॅलरीत. मेण लावून ठेवल्यात."

"छान. मग मी नेतो."

"कशाला? मी स्टेशनवर घेऊन येतोच की."

त्याने तुझ्या ताईकडे बघितलं. ताईने मिमोझाकडे बघितलं. तेव्हा मला कळलं. पावाच्या रांगेत तिने त्याला गाठून सगळं सांगितलं होतं, तुझी नळी, तुझं ते वाक्य, सगळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वेन्यामीन माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "वर काही झालं तर तुला खाली ओढून कोण आणणार, साविच? रिम्माने हिशोब केलाय. घसरगाडीला तुझं वजन पेलत नाही." मी तुझ्या ताईला म्हटलं, तू मला विचारायचं होतंस. ती म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू गेला असतास. मला तंबू नको, मला माणूस पाहिजे." आजतागायत मी तिच्याशी बोललेलो नाही. सूप गरम आहे का एवढं विचारतो.

तो गेला, माझ्या स्की खांद्यावर घेऊन. विचार कर, तिखोन. जी माणसं ब्रशचा दांडा कापतात, ती माणसाशिवायच्या स्की पाठीला बांधून डोंगर चढली. माणूस जड झाला, त्याच्या स्की नाही झाल्या. मी खिडकीत उभा होतो. मला वाईट वाटलं, उगीच लपवत नाही. अगदी रडू आलं. तुझी ताई स्वयंपाकघरात होती, तिने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि दाखवलं नाही.

परत आल्यावर सगळे वाफेच्या स्नानघरात जाऊन लालबुंद होऊन थेट माझ्याकडे आले. (वाफही मला वर्ज्य, म्हणून मी घरीच.) तंबूची स्तुती ऐकून कान किटले. छताला बर्फाचा कण नाही, झोपायच्या पिशव्या कोरड्या, सकाळी शिंकलं तरी काही पडत नाही. रिम्माची एक स्की मोडली, तिने माझी घातली, बरं झालं होती म्हणाली. मी विचारलं, आणि माझी जागा? म्हणजे झोपायची? रिम्मा म्हणाली, "तुझ्या जागेवर आम्ही बूट ठेवले. फार सोय झाली." तिच्या मनात काही नव्हतं, ती खरंच खूश होती. गरज सरो वैद्य मरो. (तुला उद्देशून नाही. पण लागलं तर लागू दे.)

तर आता माझा निर्णय ऐक. या लोकांशी माझा संबंध संपला. डोंगराचं नाव काढणार नाही. उन्हाळ्यात काकड्या लावीन, पत्ते कुटीन, दुकानातली मुलगी आजोबा म्हणाली तर ओ देईन. तू नळी लावलीस ते चांगलंच केलंस. माझा तुझ्यावर काडीचाही राग नाही, हे अग्लायालाही सांग, कारण तिने ताईला विचारलं होतं असं कळतं.

अग्लायाला नमस्कार. मशरूमची बरणी मी फोडणार आहे.

तुझा दाजी,
रोदिओन साविच

ता. क. एक बारीकसं काम आहे. तुमच्या दवाखान्याचा शिक्का मारून दोन ओळी लिहून पाठव की मला तपासलं आणि हृदय उत्तम आहे. पुढच्या मार्चला अजून अवकाश आहे, पण वेन्यामीन आत्तापासूनच माणसं ठरवतो. पाकीट घरी पाठवू नकोस, कारखान्यावर पाठव. तुझी ताई घरची पत्रं आधी उघडते. आणि तेवढ्यातच एक विचारून घेतो. आमच्या खात्यातल्या एकाला जिना चढताना डाव्या हातात कोपरापर्यंत मुंग्या येतात. त्याने कोणती गोळी घ्यावी? वाटेत बसावं लागतं म्हणतो. तो विचारतोय.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून भर घालतो. ते शिक्क्याचं पाठवू नकोस. काल वेन्यामीन कुझ्मिच तंबू घेऊन आला होता. म्हणाला, साविच, जादा जोडी वाहायला जड जाते, याचे पाच कोन करून दे. तुझ्यासारखी शिवण दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मी नाही म्हणणार होतो. पण दुसऱ्या कुणी कापला असता तर वाटोळं केलं असतं. म्हणून मीच उसवला, एक पाकळी काढली, कडा वितळवल्या. तुझ्या ताईने दुसरं टोक धरलं. आज अंगणात उभा करून बघितला. चांगला ताणला गेलाय, आधीपेक्षाही चांगला. मग आत जाऊन आडवा झालो, या कडेला, त्या कडेला, मधेही. पाच जण ऐसपैस झोपतील. सहावा कुठेच मावत नाही, मी सगळीकडून बघितलं.