चित्र न दिसल्यास

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! फर्निचरच्या दुकानाचं ई-मेल पत्रक माझ्या फोनवर झक्कास, मालकीणबाईंच्या कॉम्प्युटरवर पार विस्कटलेलं. खुर्ची एकीकडे, तिचं वर्णन दुसरीकडे, आणि ‘आता बघा’चं बटण गायब. बाई म्हणाल्या, ‘अगं, हे काय तिरपागडं पाठवलंयस?’ त्यांचा ई-मेलचा प्रोग्राम जुनाट. त्याला नवी मांडणी कळत नाही, सगळं तक्त्यासारखं चौकटींत कोंबून द्यावं लागतं. कोंबतेय.

५ मार्च

चौकटी जमल्या. बटण सगळीकडे दिसतंय. हुश्श!

पत्रक गेलं. कुणी उघडलं, कुणी नाही, ते बघायला बसले. खरं सांगायचं तर मी एकच नाव बघते. बाबा — ‘उघडलं नाही.’ नेहमीसारखंच. बँकेतली नोकरी सोडून मी या पत्रकांच्या कामात शिरले तेव्हा ते म्हणाले होते, ‘ही कसली थेरं!’ तेव्हापासून अबोला. त्यांचा पत्ता यादीत मीच घातला. नको असेल तर काढून तरी टाकावा माणसाने! तेही नाही. फार लागतं मनाला.

७ मार्च

आईचा फोन. बाबांचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘गुडघा कुरकुरतोय त्यांचा. खुर्चीतून उठताना त्रास होतो.’

१० मार्च

बाई तावातावाने आल्या. ‘माझी थोरली जाऊ म्हणते वाचलं, तुझा कॉम्प्युटर म्हणतो उघडलंच नाही. खोटं कोण बोलतंय?’

म्हटलं, कुणीच नाही. पत्रकात एक ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं. ते तिकडे उमटलं की इकडे नोंद होते. जाऊबाईंनी चित्रं बंद ठेवली असणार. मग नोंद नाही. अशा लोकांसाठी मी प्रत्येक चित्रामागे एक ओळ लिहून ठेवते. चित्राच्या जागी त्यांना ती दिसते.

‘असं होय! आणि मी तिच्याशी भांडून बसले!’ बाई गेल्या जावेला फोन करायला.

११ मार्च

नवं पत्रक. आरामखुर्चीच्या चित्रामागे काय लिहावं सुचेना. तात्पुरतं ठोकून दिलं — ‘बाबांच्या गुडघ्याला बरी पडेल. पण बघतंय कोण!’ पाठवण्याआधी बदलायचं.

१२ मार्च

बदललं नाही! तसंच गेलं! सगळ्या गिऱ्हाइकांना!

बाईंना सांगून टाकलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसत सुटल्या. ‘चित्रं दिसणाऱ्यांना काय कळतंय? माझी जाऊ तेवढी विचारणार, कोण गं हे बाबा!’

बाबा — ‘उघडलं नाही.’ चला, त्यांच्यापुरती तरी सुटले.

१३ मार्च

बाबांचं उत्तर! मी एक नंबरची बावळट. बाईंना शहाणपण शिकवलं आणि स्वतःला —

‘चित्रं मी बंदच ठेवतो, डोळ्यांवर येतात. तुझ्या ओळी वाचतो. पहिल्या पत्रकापासून. खुर्चीचे हात उठताना धरण्याइतके उंच आहेत का, ते लिहिलं नाहीस.’

टेप घेऊन दुकानात चाललेय.