ऑक्टोबरचं पेट्रोल

१८ मे, शनिवार

बर्फ गेला आणि आठवड्यात गवत गुडघ्याला! सात महिने नुसतं दबा धरून बसलेलं असतं. बाबांकडे कापायला गेले. एरवी "मी काय मेलोय का?" म्हणून मशीन हातातून ओढून घेतात. आज उजवा हात खिशात घालून पायरीवर उभे राहिले.

"पेट्रोल आहे का?"

"शेडमध्ये आहे की. ग्लेननं आणून ठेवलेलं."

शेडमध्ये तीन लाल कॅन, पाच-पाच गॅलनचे, तिन्ही गच्च भरलेले. वर चिकटपट्टीवर माझ्या भावाच्या, ग्लेनच्या अक्षरात 'ऑक्टोबर'. ओतलं. मशीन चौथ्या झटक्याला सुरू झालं, खोकलं, धाप लागल्यासारखं वर-खाली झालं आणि बंद. पुन्हा दोरी ओढली. पुन्हा तेच. अर्धं अंगणसुद्धा झालं नाही. वर बाबांची टिप्पणी — "जाऊ दे हेल्मी, गवत काय पळून जातंय?"

२० मे

शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले ती मशीन घेऊन थेट अर्नीकडे. मे महिन्यात त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यानं झाकण उघडून नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई, हे पेट्रोल नाही, वार्निश आहे." कार्बोरेटर खोलून दाखवला. आत पिवळा डिंक. "पत्र्याच्या शेडमध्ये सात महिने ठेवल्यावर लोणचं मुरतं, पेट्रोल नाही." टाकून मात्र देऊ नकोस म्हणाला. गाडीची टाकी ताज्या पेट्रोलनं भरत आली की वर थोडं थोडं घालायचं, गाडीला पत्ताही लागत नाही.

मग सहज म्हणाला, "पण उरलं कसं गं एवढं? यंदा बर्फ उडवायच्या मशीनला माझ्याकडे पंधरवड्याला एक कॅन लागत होता."

मीही हसले. घरी येताना निम्म्या वाटेत हसू गेलं. पंधरा गॅलन. थेंब कमी नाही. आणि हिवाळाभर दर रविवारी माझी गाडी बाबांच्या दारापर्यंत सुळकन गेलीय.

ऑक्टोबरातलं सगळं डोळ्यांसमोर आलं. ग्लेननं बर्फ उडवायचं मशीन बाबांच्या पुढ्यात ठेवलं होतं. "ज्या दिवशी हे तुम्हाला स्वतः चालू करता येणार नाही, त्या दिवशी घर बंद आणि वृद्धाश्रम. ठरलं?" बाबांनी दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. चेहरा पांढराफटक पडला होता त्यांचा. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. गाढवं!

२१ मे

शेजारी कुणी साफ करून देत असेल का? पण दोन मैलांत शेजारीच नाही.

२५ मे, शनिवार

अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या मागं गेले. मे संपत आला तरी तिथं बर्फाचा ढीग आहे, माझ्या डोक्याच्या वर. मशीन बर्फ भुरभुर उडवतं, चहूकडे पडतो, एप्रिलात जातोही. हा ढीग रचलेला आहे. एका अंगानं चढ — बुटांनी तुडवून तुडवून दगडासारखा केलेला, वर चढताना दम खायला मध्ये सपाट जागा ठेवलेला. भिंतीला तो जुना पत्र्याचा स्कूप टेकवलेला, दोन हातांनी ढकलायचा, सुपासारखा. पुढची धार झिजून कागद झालीय.

दारापासून रस्त्यापर्यंत पावलं मोजली.

बावीस फूट बर्फ पडला यंदा. साठ पावलांचा रस्ता. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस. एकतीस वर्षं काउंटीचे रस्ते मोकळे केले त्यांनी, पण तेव्हा बुडाखाली ट्रक होता!

कॉफीला बसल्यावर विचारलं, "मशीन चाललं ना हिवाळ्यात?"

"रस्ता साफ होता ना?"

"होता."

"मग झालं तर." गोड निसू पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "ऑक्टोबरात दोरी ओढली तेव्हाच खांद्यात काहीतरी तुटलं. ओढता येत नाही. ढकलता येतं."

"रोज?"

"पडेल तेव्हा. जानेवारीत दिवसातून तीनदा."

"आणि तिथंच पडला असतात म्हणजे?"

"मग ग्लेनचं खरं झालं असतं."

त्यांना चांगलं झाडायचं म्हणून गेले होते. नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसले. अठ्ठावन्न वर्षं मी या माणसाला ओळखते असं समजत होते!

२ जून

ग्लेनचा फोन. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. युहान्नुसच्या, उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणाच्या शेकोटीला येतो म्हणाला, शेड बघतो, मशीन बघतो, मग ठरवू. कॅनबद्दल मी काही बोलले नाही. खोटंही बोलले नाही.

९ जून

दुसरा कॅन संपत आला. अर्नीनं सांगितलं तसंच घालतेय, ताज्यात थोडं थोडं. कारण नसताना तळ्याला वळसा घालून कामावर जाते. पुरावा जाळतेय, तोही ताशी चाळीस मैलांनी. गाडीची तक्रार नाही.

१६ जून

तिन्ही रिकामे. शेडमध्ये होते तिथं ठेवून आले. बाबांनी कॅनकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे. म्हणाले, "सौना तापवलीय. येतेस?"

२२ जून, शनिवार

ग्लेन आला. गाडीतून सामान काढायच्या आधी शेडमध्ये. एकेक कॅन उचलून हलवून बघितला. "पंधराच्या पंधरा संपले?"

"हिवाळा कसला होता ऐकलंस ना?" — मी.

संध्याकाळी तळ्याकाठी शेकोटीपाशी त्यानं बाबांच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. चांगली जोरात. बाबांची पापणीसुद्धा हलली नाही. "मानलं तुम्हाला. खोली नको म्हणून कळवतो. अजून एक वर्ष." बाबा माझ्याकडे बघत होते. मी सॉसेज परतत राहिले.

जिंकलो! झोपताना उगाच रडले.

३० जून

सकाळी बाबांचा फोन. ग्लेनला सगळं सांगून टाकलं म्हणाले, खांद्याचं, स्कूपचं, सगळं. आणि वृद्धाश्रमाला स्वतः फोन करून ती खोली घेतली. पुढच्या महिन्यात जातायत.

मी म्हटलं, "पण का बाबा? आता तर तुम्हाला कुणी जा म्हणत नाहीये."

"म्हणून तर जातोय."