यंत्राच्या मास्तरणीची निरवानिरव

मी, कुमारी क्लोटिल्ड मारी गॅग्नन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नदीकाठचे शेवटचे पिवळे घर, अप्पर कार्व्हर, राज्य मेन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला १९९८ साली तपासले असते तर दिला नसता.

यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी घर अनुक्रमे चर्चला, मांजरीला आणि पुन्हा चर्चला दिले होते, आणि शेवटी रागाच्या भरात कोणालाच दिले नव्हते.

कलम १. घर माझी भाची कोरिन हिला. बंद पडलेल्या कागद गिरणीच्या जागी आता संगणकांचे गोदाम आहे, तिथे ती नोकरी करते. तिथल्या माणसाला माझ्या घराची पायरी चढू देणार नाही, असे मी भर गावसभेत ओरडले होते. गिरणीत अकराशे माणसे होती, गोदामात चौतीस आहेत. गार वारा तेवढा यंत्रांना मिळतो. हे ऐकवल्यावर कोरिन म्हणाली, "आत्या, त्या चौतिसांतली एक मी आहे म्हणून गावात आहे. नाहीतर दर गुरुवारी तुला दवाखान्यात कोणी नेलं असतं, गिरणीनं? आणि बाबांची दोन बोटं कोणी खाल्ली, तेही सांग ना सभेत!" मी तिला दार नीट लावायला सांगितले. घर तिचेच.

कलम २. अंगठ्याची रबरी टोपी गावच्या वाचनालयाला. ती घालून मी एकतीस वर्षे गिरणीत कागद तपासला. गठ्ठा पंख्यासारखा उलगडायचा, अंगठा फिरवायचा. सुरकुती, डाग, चिरलेली कड लगेच हाताला लागायची. आम्ही एकोणीस बायका होतो. सर्वांत तरबेज मी. हे दुसरे कोणी म्हणत नसे, म्हणून मीच म्हणत असे.

कलम ३. यात देण्यासारखे काही नाही, कबुली आहे. १९९८ साली गिरणीने कागदातले दोष पाहणारा कॅमेरा आणला. त्याला शिकवायला उत्तम तपासनीस हवी होती. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी नजर साऱ्या राज्यात नाही." झाले! मी केस सेट करून कामावर गेले.

शेजारच्या टेबलावर लॉरेट बोल्डक होती. सिस्टरांच्या शाळेतल्या पहिल्या बाकापासूनची माझी मैत्रीण. ती कानाशी लागून म्हणाली, "क्लो, त्याला चुकीचं शिकव गं. चांगल्याला वाईट म्हण, वाईटाला चांगलं. महिन्याभरात भंगारात टाकतील."

मी म्हणाले, "खोटं बोलणं पाप आहे."

"आणि आमच्या पोटावर पाय देणं काय, प्रार्थना?"

सिस्टरांनी खोटे बोलू नये हे शिकवले होते. गर्वाचा धडा होता त्या दिवशी बहुधा मी गैरहजर असेन. मी दहा आठवडे त्या डब्याला एकूण एक दोष दाखवला. तो माझ्यापेक्षा हुशार निघाला, कारण तो फुशारकी मारत नसे. अठरा बायका घरी गेल्या. मला ठेवले: त्याच्या भिंगावरची धूळ पुसायला. ती मी अकरा वर्षे पुसली. मग गिरणीच बंद पडली आणि आम्ही दोघे एकाच आठवड्यात भंगारात गेलो. लॉरेट मात्र त्या अठरांबरोबर घरी गेली त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो.

कलम ४. गिरणीने निरोपाला दिलेले घड्याळ त्या व्यवस्थापकांना द्यावे. ते कधीच बरोबर वेळ दाखवत नाही. त्याला मी शिकवलेले नाही.

कलम ५. चुलीशेजारचे बीन्सचे मातीचे मडके लॉरेटचे आहे. मी ते भांडणाच्या आदल्या शनिवारी मागून आणले होते. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही, फक्त परत करता येते. सव्वीस वर्षे झाली, मी त्यात शिजवलेले बीन्स कच्चेच राहतात.

कलम ६. इथल्या कायद्याला दोन साक्षीदार लागतात. पहिली सही लॉरेटची हवी. लॉरेटला काही ठेवावे असे मनात होते. पण वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. म्हणून तिला काहीही ठेवलेले नाही, फक्त ही जागा ठेवली आहे. निरोप घेऊन कोरिन गेली आहे. लॉरेट आली नाही तर तिच्या जागी मी दुसऱ्या कोणाची सही घेणार नाही. मृत्युपत्र फुकट जाईल आणि अर्धे घर कोरिनच्या ॲरिझोनातल्या भावाला जाईल. तो ते बर्फ वितळायच्या आत विकेल. मी हट्टी आहे, हे आतापर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेलच.

हे सर्व मी वाचून, प्रत्येक पानावर अंगठा फिरवून तपासले आहे. एकही दोष नाही.

अप्पर कार्व्हर, १४ मार्च २०२४

सही: क्लोटिल्ड मारी गॅग्नन

साक्षीदार दुसरा: रेमंड पेल्टियर, पोस्टमन

साक्षीदार पहिली: लॉरेट बोल्डक

(लॉरेटच्या हस्ताक्षरात) पान दोन, खालचा कोपरा, सुरकुती. सुटलीच तुझ्या अंगठ्यातून. मडकं शनिवारी घेऊन ये. रिकामं आणू नकोस.