संगीतकार : पारंपरिक

प्रिय ताई,

त्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे प्रार्थना आटपून दुकान उघडलं आणि दोन खिळे ओठांत धरून दुरुस्तीला आलेल्या एका बाजाच्या पेटीचा भाता शिवायला बसलो. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यातून तुझी चाल आली. खोटं कशाला लिहू, पहिले दोन क्षण मी सुखावलोच. मग शब्द कानावर पडले. घरबसल्या पैजा लावा, नशीब उघडा, असलं काहीतरी. आणि चाल मधेच जिथे थांबते ना, तिथे त्यांनी नाणी खुळखुळवली होती. न्हावी कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची प्रार्थना जुगाराला बसली की हो!" मी हसलो. खिळे काढून डबीत ठेवले आणि दिवसभर भात्याला हात लावला नाही.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि सुरुवात ही अशी. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. देताना तिने विचारलंच, "आता काय काम काढलंस रे तिच्याकडे?" लागलं, पण तिचं चुकलं कुठे? बाकी माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. माझ्या बायकोला तू पाहिलेलं नाहीस. तुझ्यासारखीच फटकळ आहे. तुमचं दोघींचं जमलं असतं आणि माझी धडगत नव्हती.

चाल तुला आठवते की नाही, कोण जाणे. मी दुसरीत होतो, तू सहावीत. शाळेच्या वाटेवर वीटभट्टीवरची कुत्री अंगावर यायची आणि मी तिथेच फतकल मारून रडायचो. मग तू तुझ्या मनचीच एक चाल गुणगुणायला लागलीस. म्हणालीस, चाल चालू असेपर्यंत कुत्री जवळ येत नाहीत. ओढ्यापाशी आलं की तू गप्प व्हायचीस, माझा हात घट्ट धरायचीस, आपण उडी मारायचो आणि पलीकडे पाय टेकले की पुढची ओळ. ती उडी चालीत तशीच राहून गेली. पुढे मी त्या चालीवर प्रार्थना लिहिली, तेव्हाही तिथे थांबत राहिलो. आमच्या प्रार्थनागृहातले एक जाणते गृहस्थ त्या जागेचा अर्थ सांगतात, की तिथे जीव क्षणभर देवाच्या हवाली होतो. लोक माना डोलावतात. मीही डोलावत आलो.

अकरा वर्षांपूर्वी दुकानामागच्या खोलीत मी ती प्रार्थना माझी मीच रेकॉर्ड केली आणि नोंदणीचा फॉर्म भरायला बसलो. गीतकार म्हणून माझं नाव लिहिलं. संगीतकाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. शेजारी बाबा बसले होते. तू गाण्याच्या पार्टीबरोबर घर सोडलंस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं आणि आम्हालाही घेऊ दिलं नव्हतं. मी लिहिलं, पारंपरिक. बाबांनी चष्मा सारखा करून वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. लोकांना मी सांगत राहिलो, चाल देवाची, आपण कोण नाव लावणारे? सगळ्यांना तो विनय वाटला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, ताई. तो रकाना दुरुस्त करायला एक सकाळ पुरली असती. या सहा वर्षांत मी कुणाला भीत होतो, हे मलाही सांगता येत नाही.

जाहिरात ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी मी हक्कांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, त्यांनी तुमचे शब्द घेतले नाहीत, आवाज घेतला नाही. चाल घेतलीय, आणि ती पारंपरिक आहे हे तुम्हीच सही करून दिलंय. जिला मालकच नाही तिची परवानगी मागायची कुणाकडे आणि रॉयल्टी द्यायची कुणाला?" मी म्हटलं, ती पारंपरिक नाही. तिचा चेहरा उजळला. "मग तुमचीच ना! नजरचुकीने राहिलं असं लिहून द्या. जाहिरात थांबवायची नोटीस आजच काढू." तिने पेन पुढे केलं, आणि मी ते घेतलं. सही केली नाही, पण पेन हातात घेतलं हे तुला कळायला हवं. पैजेची जाहिरात बंद झाली असती, आणि तुला कधी पत्ताही लागला नसता.

फॉर्म घरी आणला. चार दिवस तो पिशवीतच होता. सकाळी देवासमोर बसलो की ओठांवर तीच चाल यायची आणि ओढ्यापाशी येऊन अडायची. पुढची ओळ काही केल्या येईना. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "देवाला पुढे करून तुम्ही मागे लपता. त्याला तरी किती दिवस उभं करायचं?"

काल मी जाऊन शपथेवर लिहून दिलं, की आधी लिहिलं ते खोटं होतं आणि संगीतकार माझी मोठी बहीण आहे. अकरा वर्षं जिथे 'पारंपरिक' होतं, त्या जागी तुझं पूर्ण नाव लिहिलं. त्या मुलीने पुरावा मागितला. चाल जुनी नाही कशावरून? मी लिहिलं, ती मधे थांबते, कारण तिथे ओढा होता. तिने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. पण नोटीस आता माझ्या सहीने निघत नाही. येत्या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर कागद येईल. खाली तुझी सही झाली तरच पुढचं सगळं. त्या फॉर्मवर माफी मागायला रकाना नव्हता, म्हणून हे पत्र. आज प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर ओढ्याचं सांगितलं. त्या जाणत्या गृहस्थांचा चेहरा एवढासा झाला. माझं रेकॉर्डिंगही मी सगळीकडून काढून घेतलंय. पैजवाल्यांनी तुला विचारलं नव्हतं, तसं मीही कधी विचारलं नव्हतं. तू हो म्हणेपर्यंत ती चाल मी म्हणणार नाही.

तुझाच,
घुम्या