शिट्टी न वाजवता

प्रिय धाकट्या,

परवा तू माझ्या खेळाच्या तासाला येऊन गेलास. तज्ज्ञ येणार म्हणून मुख्याध्यापकांनी मैदानात छत्रीखाली खुर्ची मांडली, आणि तू खरंच तिच्यात बसलास. व्यायामाचा तज्ज्ञ म्हणे.

मुलांना उत्तर सांगू नका, प्रश्न द्या, त्यांचं शरीरच वाट शोधेल, हे तू बसल्या बसल्या छान सांगितलंस. बोलण्यात तू लहानपणापासूनच पुढे. मग दोन दोऱ्या टाकून नदी केलीस, पाण्याला पाय न लावता पलीकडे जा म्हणालास, आणि मुलं विचारात पडली तसा घड्याळाकडे बघायला लागलास. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण त्यांना निदान शेळ्या तरी दिसतात.

ती अशक्त पायाची चष्मेवाली आठवते? नसेलच. तिला उडी जमत नाही, म्हणून ती कायम मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायची. परवा तिनं आपणहून दोन जुने टायर ओढत आणले. एकावर गुडघे टेकले, दुसरा उचलून पुढे ठेवला, त्यावर सरकली. तोल सांभाळताना जीभ बाहेर आली होती. मधोमध पोचली आणि तू शिट्टी फुंकलीस. चूक, म्हणालास. तुला फोटोसाठी उडी हवी होती, ती एका उंच पोराकडून मारून घेतलीस. चष्मेवाली दचकून उभी राहिली, भर पाण्यात, दोन्ही पायांवर. बुडाली, बुडाली म्हणत वर्ग हसला. टाळ्या तुला मिळाल्या.

अरे, तू जिना उतरायला शिकलास तो बसून, एकेक पायरी घसरत. आई खाली हात मागे बांधून नुसती उभी असायची. तिचं तुझ्यात काहीच कसं उतरलं नाही, याचं मला नवल वाटतं. आणि रागही येतो.

चष्मेवाली आता पुन्हा बाटल्या सांभाळते. किती विनवण्या केल्या, उठत नाही. शेवटी म्हणाली, त्या सरांनी माझा प्रश्न सोडवला तर येईन. प्रश्न असा: शिट्टी तोंडात धरून टायरांवरून नदी ओलांडायची, आणि शिट्टी वाजता कामा नये. मी करून पाहिलं. दुसऱ्याच टायरला दम लागतो आणि ती वाजते. तर शनिवारी ये, शिट्टी घेऊन ये, उत्तर मी सांगणार नाही. वाजली तरी हसणार नाही, असं तिनं कबूल केलंय. मी केलेलं नाही.

तुझीच, नाइलाजानं,
ताई