नव्या गावठाणातला चौक

२ फेब्रुवारी
तलावात जाणाऱ्या आमच्या गावाचे नवे प्लॉट आज चिठ्ठ्या टाकून वाटले. मानोऱ्याकडच्या माळावर, सगळ्यांना सारखी जागा! चुलतभाऊ इंद्रभान आणि भागिरथावहिनी यांना थेट चौक लागला — इंदरचंद शेटजींच्या दुकानाच्या प्लॉटला लागून. जुन्या गावात आम्ही बौद्ध मंडळी नाल्यापलीकडे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, दुकानात जायले आता लुगडं वर धरून नाला ओलांडाचा नाई!"
पेपरला बातमी पाठवली : ‘चिठ्ठीने पुसल्या गल्ल्या’. मथळा माझाच. जरा जास्तच आवडला.

५ फेब्रुवारी
पुसल्या म्हणे! चहाच्या टपरीवर प्लॉटांची अदलाबदल जोरात. देशमुख देशमुखांजवळ, माळी माळ्यांजवळ, आमचे लोक पुन्हा पूर्वेच्या टोकाला. संस्कृतात एम.ए. करूनही पुनर्जन्मावर माझा विश्वास बसला नाही. गावाचा मात्र होतो. फक्त नाल्याची कमी!

६ फेब्रुवारी
चौक अजून वहिनीकडेच.

९ फेब्रुवारी
सकाळीच इंद्रभानभाऊ दारात. "पंडित, तुया वयनीले समजाव. मी अदलाबदल ठरवली, तं सही नाई करून राह्यली." प्लॉट नवराबायको दोघांच्या नावे — सरकारला कधीमधी सुचतं.
गेलो. भाऊ म्हणे, "आपल्या माणसाईत बरं असते."
"काहून? आपली माणसं काय वाशीमले चालली? चार गल्ल्या तं हायेत! तुमाले पत्ते कुटाले गडी पायजेत, हे सांगा न!"
मी समजूत घालायला गेलो होतो. पोहे खाऊन परतलो.

१३ फेब्रुवारी
भाऊंनी हात टेकले. चौकात पायाची आखणी झाली. चुना वहिनीनं स्वतः टाकला. शेटजींच्या घरच्या पानाबाई बघायला आल्या. "भागिरथाबाई, ओटा मोठा ठेवजा!" वहिनी दिवसभर ओट्याबद्दलच बोलत होती.

२० फेब्रुवारी
शेटजींनी प्लॉट बदलून फाट्यावरचा घेतला. डांबरी रस्ता, गिऱ्हाईक जास्त — असं ते म्हणतात. धंदा की शेजार, मी विचारलं नाही. मागोमाग चौकात येणारी टपरी तिकडे गेली, पिठाची गिरणीही चालली. एस.टी. तिथेच थांबणार.
वहिनी पाया खणत होती. म्हटलं, "आपण चौकात पोचलो आणि चौकच उठून गेला!"
"जाऊ द्या त्याले. ते घमेलं द्या इकडे."